प्रपोजलची शेवटची तारीख आणि सहीसाठी पळापळ, तुमच्या ऑफिसात कसं निभावता?

नवी_टेबलवाली

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका विद्यापीठाच्या संशोधन कक्षात आहे, आधी परीक्षा विभागात होते, तिथनं इकडं बदली झाली. परीक्षेत निदान वेळापत्रक आपण काढतो, इथं तारीख दिल्लीत ठरते आणि पळायचं आम्ही.

तर होतं असं की कॉल आला, म्हणजे पैसे देणाऱ्या संस्थेनं (एजन्सीनं) संशोधनाचे प्रस्ताव मागवले, की आम्ही सगळ्या विभागांना मेल करतो, व्हॉट्सअपवर पीडीएफ टाकतो, खाली भराभर अंगठे येतात, एकदोघं 'धन्यवाद मॅडम' लिहितात आणि मग सगळं चिडीचूप. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर एकेक सर पेनड्राइव्ह घेऊन दारात, 'काही नाही ओ मॅडम, फक्त एक सही आणि शिक्का'. आता सही कुलसचिवांची नाहीतर कुलगुरूंची, आणि ते नेमके त्या दिवशी मुंबईला बैठकीला, वंदे भारतनं सकाळी गेले की यायला रात्रच. पोर्टल बंद होणार पाचला. बजेटवर लेखा विभागाचा शेरा नाही, को-पीआयची (पीआय म्हणजे प्रोजेक्टचे मुख्य संशोधक, को-पीआय त्यांचे सहसंशोधक) सही नाही, काहींचं तर शीर्षकसुद्धा ठरलेलं नसतं, तिथंच खुर्ची ओढून माझ्या कॉम्प्युटरवर बदलत बसतात.

आम्ही 'अंतर्गत अंतिम तारीख' म्हणून आठवडाभर आधीची तारीख लावून बघितली. पहिल्याच वेळी एक वरिष्ठ सर उशिरा आले, वरून फोन आला, करून दिलं, झालं, तेव्हापासून सगळ्यांना कळलं की ही तारीख नुसती लिहायला असते. आणि कुणाला थांबवलं की 'ऑफिस संशोधनात आडवं येतंय' अशी बोंब.

मला विचारायचंय की तुमच्याकडं किती दिवस आधी घेता, उशिरा आलेल्याला परत पाठवता का, आणि साहेब गावात नसले की सहीचं काय करता? पुस्तकी उत्तर नको, चालतं ते सांगा.

---

शेंगाचटणी_एक्स्ट्रा

आमच्याकडं अंतर्गत तारीख म्हणजे 'माहितीस्तव' असतंय 😀 लई मनाला लावून घेऊ नका मॅडम. मी शिपाई मामांना विचारून ठेवतो साहेब कधी हायत, ते सगळ्यात खरं कॅलेंडर. बाकी वाचतोय, मलाबी उत्तर पाहिजे.

---

लेखा_विभागातला_माणूस

मॅडम, तुमचं दुखणं खरंय पण आमच्या टेबलावर काय येतंय ते पण ऐका, कारण निम्मा उशीर तिथंच होतो आणि नाव मात्र 'लेखावाले फाईल दाबून बसलेत' असं होतं.

परवा एक बजेट आलं, जेआरएफचं (प्रोजेक्टवरच्या कनिष्ठ संशोधक फेलोचं) मानधन ३१,००० धरलेलं. ओ, तो दर २०१९ चा. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ ३७,००० आणि एसआरएफ (वरिष्ठ फेलो) ४२,००० आहे. सरांनी मित्राचं जुनं प्रपोजल उघडून त्यातच नाव बदललेलं, हे तर आमच्याकडं प्रत्येक कॉलला होतं. कमी लिहिलं तर पुढं मंजूर झाल्यावर मुलाला पैसे कुठनं देणार? दुसरे एक सर फेलोचा घरभाडं भत्ता पुण्याच्या हिशोबानं लावून आले, शहरांच्या वर्गवारीत पुणं एक्स वर्गात आहे, सोलापूर वाय वर्गात, दर वेगळा. तिसऱ्यांचं मशीनचं कोटेशन जीएसटी सोडून, आणि त्याची मुदत संपलेली. प्रवास खर्च, कन्झ्युमेबल्स (केमिकलसारखं संपणारं सामान), कंटिन्जन्सी (किरकोळ खर्च) सगळं एकाच हेडखाली, म्हणजे खर्चाच्या एकाच शीर्षाखाली घातलेलं. हे शेवटच्या दिवशी साडेतीनला माझ्यासमोर ठेवून 'सर फक्त इनिशियल करा' म्हणले तर मी करू का? ऑडिटला मला उभं करतात, त्यांना नाही.

अजून एक, ज्यांचा आधीचा प्रोजेक्ट चालू आहे त्यांनी आपली यूसी (मिळालेल्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र) गेली की नाही ते आधी बघावं. जीएफआर २०१७ (केंद्राचे वित्तीय नियम) मधला १२-अ नमुना, त्यासोबत खर्चाचं विवरण. आधीचा हिशोब लोंबकळत ठेवून नवीन मागायला गेलं की अडकतंय, आणि तो हिशोब एका दुपारात होत नाही, बँकेचं व्याज, शिल्लक रक्कम, पीएफएमएस (सरकारी पैशाचं पोर्टल) सगळं जुळवावं लागतं. मार्चमध्ये तर कृपा करून येऊच नका, ३१ मार्चच्या आधी आमच्याकडं माणूस माणसाला ओळखत नाही.

माझं मत सरळ आहे, तारीख लावली की लावली. दोघांना परत पाठवा, तिसरा वेळेत येतो.

---

तास_झाला_की_बोलतो

मी प्राध्यापक आहे, केमिस्ट्रीचा, म्हणजे या धाग्यातला व्हिलन 🙂 थोडं आमच्या बाजूनं.

कॉल उघडतो आणि बंद होतो तेवढ्या काळात माझे तास असतात, प्रॅक्टिकल असतात, पेपर तपासणी असते, नॅकचं (कॉलेजच्या मूल्यांकनाचं) काम असतं, मध्येच निवडणुकीची ड्युटी लागते. लिहायला बसतो ते रात्री दहानंतर. आणि प्रपोजलचं सायन्स हे शेवटच्या दोन-तीन रात्रीतच सुधारतं हो, हे आळशीपणाचं बोलणं नाही, डेटा बघून उद्देश बदलतात, को-पीआय शेवटच्या क्षणी वाचून एखादी मोठी चूक दाखवतो. तुम्ही आठवडाभर आधी 'फायनल कॉपी' मागता म्हणजे माझ्याकडून कच्चा माल घेऊन त्यावर शिक्का मारता. दिल्लीत वाचणारा रिव्ह्युअर शिक्का बघून मार्क देत नाही.

आणि लेखावाल्या सरांना मानतो, पण मला सांगा तो जेआरएफचा नवीन दर, घरभाड्याचा वर्ग, ओव्हरहेडचा (संस्थेच्या वाट्याच्या खर्चाचा) नियम हे सगळं एका कागदावर लिहून ऑफिसनं आम्हाला कधी दिलंय का? मी मित्राचं जुनं प्रपोजल उघडतो कारण माझ्याकडं दुसरं काहीच नसतं. आमच्याकडच्या ऑफिसात एकदा माझी फाईल तीन टेबलं फिरून परत आली, शेरा काय, तर 'प्रती तीन हव्यात'. हे पहिल्या टेबलावर सांगता आलं नसतं का?

दोघांना परत पाठवा म्हणणं सोपंय. तो प्रोजेक्ट आला असता तर विभागात मशीन आलं असतं आणि दोन पोरांना फेलोशिप मिळाली असती, त्याचा हिशोब कोण ठेवतो?

---

लेखा_विभागातला_माणूस

@तास_झाला_की_बोलतो कागदाचं म्हणणं मान्य. तो कागद मी करून देतो, खरंच. बाकी मत तेच.

---

मूळचा_बाळीवेसचा

सोलापूरचाच पण नोकरीनं पुण्यात, बरीच वर्षं याच कामात. दोघंबी बरोबर बोललालेत आणि दोघंबी एकाच चुकीच्या गोष्टीवर भांडलालेत, ती म्हणजे 'फायनल कॉपी'. ऑफिसला फायनल कॉपी लागतच नाही ओ!

नीट बघा संस्था सही कशावर करते. एंडोर्समेंट लेटर (संस्थेचं संमतीपत्र) हातात घेऊन एकदा शांतपणे वाचा, आपण ते वाचतच नाही, नुसतं लेटरहेडवर छापतो. त्यात साधारण असं असतं की अमुक व्यक्ती पीआय आणि अमुक को-पीआय म्हणून काम करेल याला संस्थेची मान्यता आहे, पीआय मध्येच सोडून गेला तर को-पीआय काम पूर्ण करेल, उपकरणं, जागा, वीज, पाणी आणि प्रशासकीय सोयी संस्था पुरवेल, आणि पैशाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी संस्थेची. यात सायन्स कुठंय? कुलसचिव सही करतात ती माणसांवर, पैशावर आणि जागेवर. म्हणजे ऑफिसला लवकर पाहिजे ते एवढंच: शीर्षक, एजन्सी, पीआय-को-पीआय, बजेटचा तक्ता, कुठली खोली, नवीन मशीनला किती लोड लागणार, आणि माणसं, प्राणी किंवा जीएमओ (जनुक बदललेले जीव) असेल तर एथिक्स किंवा बायोसेफ्टी कमिटीचं काय. हे सगळं दोन पानात बसतं. ते दोन पान लवकर घ्या, आणि सरांना सायन्स पोर्टल बंद व्हायच्या तासापर्यंत घासू द्या, आपल्याला काय करायचंय.

आम्ही असंच करतो. कॉल आला की पहिल्या आठवड्यात एक छोटा फॉर्म, 'मी भरणार आहे' एवढंच. त्यात चार ओळी. यानं काय होतं की मला आधीच कळतं की या कॉलला तीन जण हायत का तेरा. एकाच कॉलला एका पीआयचं एकच प्रपोजल चालतं, संस्थेकडून ठराविकच संख्या चालते, असल्या अटी असतात, त्याचा घोळ इथंच मिटतो. मग बजेट आणि सहीच्या कागदांसाठी एक तारीख, ती मात्र पक्की. आणि त्या तारखेला शीर्षक गोठतं. हे ठळक अक्षरात लिहा, कारण सगळ्यात जास्त घोळ शीर्षकाचा. लेटरवर एक शीर्षक, पोर्टलवर सुधारलेलं दुसरं, मग परत लेटर, परत सही, परत स्टेशनवर साहेबांची वाट बघत उभं राहणं. तसंच बजेटचं, पीडीएफमधली बेरीज आणि पोर्टलमध्ये भरलेली बेरीज वेगळी.

आता तुमचा साहेब गावात नसण्याचा प्रश्न. यावर पळून पळून उपाय निघत नसतो, कागद करून घ्यावा लागतो. कुलगुरू नसतील तर प्र-कुलगुरू, कुलसचिव नसतील तर कोण, हे वर्षाच्या सुरुवातीला एका कार्यालयीन आदेशात घालून घ्या. त्या आधी एजन्सी कुणाची सही मानते ते बघा, काही ठिकाणी संस्थाप्रमुख म्हणजे संस्थाप्रमुखच लागतो, काही ठिकाणी कुलसचिव चालतात. आणि आपल्याकडं निम्मी पदं प्रभारी असतात, तेव्हा शिक्क्यावर 'प्रभारी' आहे का नाही ते पण बघा, त्यावरनं कागद परत आल्याचं मी बघितलंय.

उशिरा येणाऱ्याला परत पाठवायचं का? मी पाठवत नाही. पण वेळेत आलेल्याची फाईल आधी, त्याचं पोर्टलवर जाईपर्यंत बाकी कुणाला हात लावत नाही, आणि उशिरा आलेल्याकडनं एका ओळीत लिहून घेतो की सही नाही मिळाली तर तक्रार नाही. वरून फोन आला तरी हेच उत्तर, 'सर घेतलंय, रांगेत आहे'. ही रांगेची पद्धत कुलगुरूंच्या सहीनं परिपत्रक काढून जाहीर करा, तुमच्या सहीनं नको, तुम्ही नव्या आहात, तुम्हाला खातील.

अजून एक. 'सर्ब'च्या (केंद्राच्या विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या) नावानं असलेले जुने नमुने कॉम्प्युटरमधनं काढूनच टाका. एएनआरएफचा (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा) कायदा २०२३ चा, ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला आणि सर्ब त्यात विलीन झालं, तरी अजून लोक जुन्याच लेटरवर सही आणतात. नमुना दरवेळी पोर्टलवरनंच उतरवायचा. डीएसटीचं (केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचं) पोर्टल वेगळं, डीबीटीचं (जैवतंत्रज्ञान विभागाचं) ईप्रॉमिस वेगळं, एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

---

तालुक्याचं_कॉलेज

तुमचं विद्यापीठ तरी आहे. आमचं संस्थेचं कॉलेज, प्राचार्य सही करायला तयार पण संस्थाचालकांना दाखवल्याशिवाय करणार नाहीत, आणि अध्यक्ष साहेब लग्नसराईत कुठं सापडतात? त्यात खाजगी संस्था म्हणलं की दर्पण (स्वयंसेवी संस्थांचं सरकारी पोर्टल) नोंदणी क्रमांक मागतात, तो कुणाच्या लॉगिनमध्ये आहे तेच कुणाला माहीत नव्हतं, ज्या क्लार्कनं काढला ते रिटायर होऊन गावाला गेले. ज्यांचं असं आहे त्यांनी कॉल यायची वाट न बघता आत्ताच शोधून ठेवा.

आयसीएसएसआरवाल्यांनी (सामाजिक शास्त्रांच्या संशोधन परिषदेकडं भरणाऱ्यांनी) पण लक्ष द्या, ऑनलाइन भरलं म्हणजे संपलं नाही, संस्थेमार्फत छापील प्रत पाठवायला सांगतात, त्याची तारीख वेगळी असते. स्पीड पोस्टचे दिवस धरून चाला.

---

डाळिंब_ते_डेटा

एक वेगळा प्रश्न याच धाग्यात विचारते. परदेशी पार्टनरबरोबर डाळिंबाच्या तेल्या रोगावर एक जॉइंट प्रपोजल करायचं चाललंय. तिकडची तारीख आणि वेळ कशी धरायची? आमचे सर म्हणतात तिकडचे पाच म्हणजे आपले रात्रीचे, भरपूर वेळ आहे.

---

मूळचा_बाळीवेसचा

@डाळिंब_ते_डेटा 'तिकडचे पाच' हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. युरोपच्या होरायझन या संशोधन निधी योजनेचं असेल तर ब्रुसेल्सचे संध्याकाळचे पाच, म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात रात्री साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ, कारण ते घड्याळ मागंपुढं करतात. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेचं असेल तर उलटं, अर्ज करणाऱ्या संस्थेच्या गावातले पाच. म्हणजे अर्ज सोलापुरातनं जात असेल तर सोलापूरचे पाच! 'अमेरिकेत अजून सकाळ आहे' म्हणत बसलात तर गेलंच.

आणि अमेरिकेचं असेल तर वेळेपेक्षा नोंदणीची काळजी करा. एनकेज कोड (संस्थेचा ओळख क्रमांक), सॅम या तिकडच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी, मग ग्रँट्स डॉट गव्ह या अर्जाच्या पोर्टलवर, मग संस्थेचा अधिकृत सही करणारा माणूस, हे एकामागं एक होतं आणि आठवडे जातात. तिथं पीआय स्वतः सबमिट करू शकत नाही, संस्थेच्या अधिकृत माणसालाच बटन दाबावं लागतं. तुमच्या ऑफिसात तो माणूस कोण, हे आधी ठरवा.

डीएसटीच्या दोन देशांच्या कॉलमध्ये दोन्हीकडच्या पीआयनी आपापल्या एजन्सीकडं भरायचं असतं, एकानं भरलं आणि दुसऱ्याचं राहिलं तर दोघांचं बाद. पार्टनरचा सबमिशनचा स्क्रीनशॉट मागून घ्या, लाजू नका. माणसांच्या आरोग्यावरचा अभ्यास असता तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीचं पण बघावं लागलं असतं, तुमचं पीक आहे म्हणून सुटलात. परदेशी पैसा संस्थेत कसा येणार, एफसीआरएचं (परदेशी देणग्यांच्या कायद्याचं) काय, हे लेखा विभागाला आजच विचारा.

---

डाळिंब_ते_डेटा

बाप रे. धन्यवाद सर. आमच्या सरांना हेच दाखवते.

---

तास_झाला_की_बोलतो

@मूळचा_बाळीवेसचा दोन पानांचं मला पटलं. शीर्षक गोठवणं पण ठीक, बजेट पण आधी देतो. फक्त एक, बजेट दिल्यावर सायन्स बदललं आणि एक केमिकल वाढलं तर परत पहिल्यापासून फाईल का?

---

मूळचा_बाळीवेसचा

नाही. एकूण रक्कम आणि मशीन बदललं नाही तर परत फाईल नाही, हे पण परिपत्रकात घालायचं. कन्झ्युमेबल्सच्या आत तुम्ही काय वरखाली करताय ते कुलसचिवांना कशाला दाखवायचं.

---

लेखा_विभागातला_माणूस

ह्याला माझी हरकत. एकूण तीच ठेवून मनुष्यबळातनं काढून प्रवासात घातलं तर? हेडची रक्कम बदलली तर मला दिसलंच पाहिजे. हेडच्या आत काय करायचं ते करा.

---

मूळचा_बाळीवेसचा

चालेल, हेडनिहाय रक्कम गोठवा. सही परत नको, तुम्हाला नुसता मेल.

---

नवी_टेबलवाली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कुणी सविस्तर सांगेल असं वाटलं नव्हतं. ऑफिसातच बसून कच्चं परिपत्रक लिहिलंय, थोडक्यात असं: कॉल आल्यापासून आठवड्यात 'भरणार आहे'चा फॉर्म, पोर्टल बंद व्हायच्या आधी कामाचे सात दिवस दोन पानं आणि हेडनिहाय बजेट, त्याच दिवशी शीर्षक पक्कं, सह्या कामाचे तीन दिवस आधीपर्यंत करून देण्याची जबाबदारी आमची, त्यानंतर आलेलं रांगेत, खात्री नाही. सोबत लेखा विभागाचा दरांचा कागद. आमच्या इथल्या लेखाधिकाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले कागद देतो पण दर बदलला की जबाबदारी माझी नाही, म्हणून वर 'या तारखेपर्यंतचे दर' असं लिहिणार आहे.

बरोबर आहे का? आणि वरिष्ठ सरांचा फोन आला तर 'रांगेत आहे' म्हणायची हिंमत होईल का ते अजून माहीत नाही 😅

---

शेंगाचटणी_एक्स्ट्रा

फोन आला की 'परिपत्रक साहेबांच्या सहीचं हाय सर' म्हणायचं आणि गप्प बसायचं. पुढचं ते बघतील.

---

तालुक्याचं_कॉलेज

'कामाचे दिवस' लिहिलंत ते चांगलं केलंत. पण जानेवारीत जपून, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत कागदावर कामाचा दिवस असला तरी माणूस होम मैदानावर असतो. संक्रांतीच्या आसपासच्या कॉलला दोन दिवस जास्तीचे धरा. दिवाळीला तर विचारूच नका.

---

मूळचा_बाळीवेसचा

ठीक आहे मसुदा. एवढं वाढवा, 'सह्या तीन दिवस आधीपर्यंत देण्याची जबाबदारी कक्षाची' याच्या पुढं 'कुलसचिव दौऱ्यावर असल्यास आदेश क्रमांक अमुकनुसार' असं घाला, म्हणजे तो अधिकार देण्याचा आदेश आधी निघावा लागेल, नाहीतर तुम्ही सरांना शब्द दिला आणि सही करणारा कुणीच नाही. हब-स्पोकचे (एक मोठी संस्था हब, बाकीच्या तिला जोडलेल्या) कॉल असतात, एएनआरएफच्या पेअर योजनेसारखे, तिथं कागद हबकडं जातात, तेव्हा दिवस मोजायचे हबनं दिलेल्या तारखेपासून, दिल्लीच्या नाही.

आणि डिजिटल सही वापरत असाल तर तिचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे, पासवर्ड कुणाला माहीत आहे आणि त्याची मुदत कधी संपते तेवढं उद्या सकाळी बघून घ्या. कुलसचिव बदलले असतील तर नवं काढायला टाका.

---

नवी_टेबलवाली

टोकन सापडलं. मागच्या कुलसचिवांच्या नावाचं आहे. नव्याचा अर्ज टाकते.